उजनीच्या पाण्यावर दोन दिवस

नौकाविहार म्हटला कीं सुशिक्षित कुटुंबांस काश्मीरचीं सरोवरें आठवतात. सोलापूर जिल्ह्याचें नांव त्या प्रसंगीं कोणी घेत नाहीं; पाण्याचें दुर्भिक्ष हीच त्याची सर्वत्र ओळख. तथापि याच जिल्ह्यांत भीमा नदीवर १९८० सालीं पुरें झालेलें उजनीचें धरण आहे, आणि त्यामागें पसरलेला यशवंतसागर भरला म्हणजे त्यांत सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी सांठतें. त्यांपैकीं निम्म्याहून अधिक मृतसाठा होय. म्हणून धरण शून्य टक्क्यांवर आलें असें वर्तमानपत्रांत वाचलें, तरी तेथें होडी चालण्याजोगें पाणी असतेंच.

एकत्र कुटुंबांत पतिपत्नींना दोन दिवस निवांतपणें परस्परांच्या सहवासांत घालवितां येणें किती दुर्मिळ, हें वाचकांस सांगावयास नको. मुलें आजीच्या स्वाधीन करून व वडील मंडळींची अनुज्ञा घेऊन आम्ही उभयतां चैत्राच्या आरंभीं जेऊर स्टेशनावर उतरलों, आणि तेथून करमाळें तालुक्यांतील कुगांव गांठलें. होडी ठरवितांना नावाड्यास एवढेंच सांगितलें कीं, आम्हांस घाई नाहीं.

कुगांवच्या कांठाशीं इनामदारांच्या जुन्या वाड्याच्या भिंती आहेत. पाणी चढलें कीं त्या बुडतात, ओसरलें कीं वर येतात. समोरचा तीर इंदापूर तालुक्याचा. तो डोळ्यांस दिसतो, परंतु सडकेनें जावयाचें तर मोठा वळसा पडतो. यास्तव दोन्ही कांठच्या लोकांस होडी ही चैन नसून नित्याची गरज आहे. कुगांवाहून कळाशीस जाणारी अशीच एक होडी २१ मे २०२४ रोजीं सायंकाळच्या वादळांत उलटून सहा जण बुडाले. ही गोष्ट ठाऊक असल्यामुळें तरंगण्याचीं जाकिटें अंगावर चढविल्याखेरीज आम्हीं पाऊल उचललें नाहीं. आणि प्रवासासाठीं वारा पडलेली सकाळची वेळच निवडली.

मध्यावर आल्यावर नावाड्यानें यंत्र थांबविलें आणि पाण्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हितं आमचं रान हुतं."

आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें, "तुम्हीं पाहिलेंत का हो तें?"

"न्हाई, बाई. बा सांगायचा. लई चांगली ज्वारी यायची म्हनं."

यावर काय बोलावें हें आम्हां दोघांनाही सुचेना. सोलापूर शहरास उजनीहून नळानें पाणी येतें. आमच्या स्वयंपाकघरांतील पिंपांत, देवघरांतील कलशांत जें पाणी भरलें जातें, तें अशा कोणाच्या तरी शेतावर सांठलेलें असतें, हें आम्हांस पुस्तकांतून ठाऊक होतें. परंतु त्या शेताच्या धन्याच्या मुलासमोर बसून तें ऐकणें निराळें!

पुढें पळसदेव लागलें. जुनें गांव धरणाच्या पाण्याखालीं गेलें आणि गांवकरी उंचावर नव्या पळसदेवांत वसले. पळसनाथाचें प्राचीन मंदिर मात्र जागच्या जागींच राहिलें. उन्हाळ्यांत पाणी पुरेसें उतरलें म्हणजे तें कोरड्यावर येतें. एरव्हीं लाटांवर डोकावणारें शिखर तेवढें दिसतें. आम्हांस शिखरच दिसलें. सौभाग्यवतींनीं तेथूनच हात जोडले.

मुक्काम भिगवणास केला. हें तळ्याकांठचें गांव मासळीच्या बाजारासाठीं प्रसिद्ध आहे. जलाशयांतील चिलापी, कटला वगैरे मासे येथून दूरवर जातात. आमच्यासारख्या शाकाहाऱ्यांस पिठलें-भाकरीही मिळाली. सायंकाळीं उभयतां कांठानें हिंडलों. घरीं दिवा लागल्यावर ज्या गोष्टी बोलावयाच्या राहून जातात, त्यांतल्या कित्येक येथें सहज निघाल्या.

दुसऱ्या दिवशीं पहाटे जवळच्या कुंभारगांवाहून पुन्हां होडींत बसलों. रोहित पक्षी हिवाळ्यांत येथें येतात व उन्हाळ्यापर्यंत राहतात. उथळ चिखलांत मान खालीं घालून, चोंच उलटी धरून ते शेवाळ व सूक्ष्म जीव गाळून खातात. त्या अन्नांतूनच त्यांस गुलाबी रंग येतो. होडी दूर थांबविली तर थवा स्वस्थ चरत राहतो, जवळ रेटली तर उठून जातो. उडतांना त्यांचे पंख दिसावे म्हणून होडी पुढें दामटावयास सांगणारे प्रवासीही आम्हीं पाहिले. पोट भरावयास आलेल्या पाखरांस उठविण्यांत कसली मौज, हें आम्हांस कळलें नाहीं.

वाचकांपैकीं ज्यांस जाणें शक्य आहे, त्यांनीं मार्गशीर्ष ते फाल्गुन या अवधींत अवश्य जावें. वडील मंडळींनींही घरांतील तरुण जोडप्यास दोन दिवसांची रजा आनंदानें द्यावी. पाण्याच्या मध्यावर नावाड्यास यंत्र थांबवावयास सांगावें, आणि येथें पूर्वीं कोणतें गांव होतें, एवढें त्यास विचारावें. तो सांगतो, आम्हांस तर त्यानें वेशीपासून गांवविहिरीपर्यंत सर्व सांगितलें.