दाविदाचा अपराध आणि ईश्वरी निवड

बायबलच्या जुन्या करारातील प्रमुख पुरुषांची चरित्रे वाचताना एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. याकोब आंधळ्या पित्याला फसवून आशीर्वाद मिळवितो. मोशेच्या हातून एका मिसरी माणसाचा वध झालेला असतो. शमशोनाला स्वतःच्या वासनांना आवर घालता येत नाही. तथापि ईश्वरी कार्य घडते ते याच माणसांच्या हातून. असे का, या प्रश्नाला बहुधा असे उत्तर देण्यात येते की, मानवी दुर्बलतेच्या पार्श्वभूमीवर ईश्वराचे सामर्थ्य अधिक उठून दिसते. पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात या विचाराला आधारही आहे. परंतु दुर्बलता आणि अपराध या भिन्न गोष्टी होत. मोशेचे जडजिव्ह असणे ही दुर्बलता. दाविदाने उरीयाचा घात करविणे हा अपराध. अपराधाला दुर्बलतेचे नाव दिले की, ज्याच्यावर अन्याय झाला तो दृष्टिआड होतो. प्रत्यक्ष संहिता त्याला दृष्टिआड करते काय, हे पाहणे हा या टिपणाचा हेतू आहे.

२ शमुवेल या ग्रंथाच्या ११ व्या अध्यायात राजांनी मोहिमेवर निघण्याच्या ऋतूत दावीद यरुशलेमेत मागे राहतो आणि त्याचे सैन्य अम्मोन्यांच्या राब्बा नगराला वेढा घालते. सैन्यातील उरीया हित्ती याची पत्नी बथशेबा हिला राजा बोलावून घेतो. ती गरोदर राहिल्याचे कळताच तो उरीयाला रणभूमीवरून परत आणवितो. पण कोश आणि सोबती राहुट्यांत असताना आपण घरी सुखाने निजणे उरीयाला मान्य होत नाही. परक्या वंशाच्या या शिपायाची निष्ठा राजाच्या वर्तनाशेजारी आपोआप उजळून निघते. अखेर दावीद त्याच्याच हाती सेनापतीसाठी पत्र देतो, आणि त्या पत्रात त्याच्या मरणाची योजना असते. निवेदक दाविदाला एकही दूषण देत नाही. केवळ शेवटी, हे कृत्य परमेश्वराला रुचले नाही, एवढेच तो नोंदवितो.

यानंतर नाथान संदेष्टा येतो. गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेणाऱ्या धनवंताची कथा तो सांगतो, दावीद संतापून न्याय देतो आणि तो निवाडा त्याच्यावरच उलटतो. येथे एक बाब विशेष लक्षणीय आहे. ७ व्या अध्यायात दाविदाच्या घराण्याला चिरस्थायी राज्याचे वचन देणारा संदेष्टाही हाच नाथान होय. आणि त्या वचनातच, राजपुत्राने अधर्म केल्यास शासन होईल, मात्र कृपा काढून घेतली जाणार नाही, असे सांगितले आहे. निवड आणि न्याय ही दोन्ही एकाच मुखातून आलेली आहेत. दाविदाचे प्राण वाचतात, वचन टिकते. परंतु तलवार त्याच्या घरातून जात नाही. अम्नोन, तामार आणि अबशालोम यांच्या कथा त्याची साक्ष देतात. यातील काही भोग तान्ह्या बालकाच्या आणि तामारेच्या वाट्याला येतात, ही अडचण संहिता सोडवीत नाही. मात्र ती लपवीतही नाही.

लपविणे अशक्य नव्हते, हे १ इतिहास या उत्तरकालीन ग्रंथावरून दिसते. त्याच्या २० व्या अध्यायात तोच ऋतू आणि तोच वेढा आहे, दावीद यरुशलेमेत राहिल्याचाही उल्लेख आहे. पण पुढे एकदम राब्बाच्या राजमुकुटाची हकीकत येते. बथशेबा, उरीया आणि नाथानाचा निवाडा गाळले आहेत. अर्थात हा ग्रंथकार दाविदाला सर्वथा निर्दोष ठरवितो असे नाही. शिरगणतीचा अपराध त्याने ठेवला आहे. कारण त्या प्रसंगातून मंदिराची जागा निश्चित होते. पुष्कळ रक्त सांडल्यामुळे दाविदाला मंदिर बांधता आले नाही, असेही तो सांगतो.

मग शमुवेल-राजे ग्रंथांच्या संकलकांनी ही कथा का राखली? यरुशलेमेचा इ. स. पू. ५८७ च्या सुमारास झालेला नाश त्यांच्यासमोर होता. मार्टिन नोट यांनी १९४३ मध्ये मांडले की, हा सर्व इतिहास म्हणजे त्या नाशाची कारणमीमांसा होय. गेरहार्ड फॉन राट यांनी १९४७ मध्ये दाविदाला दिलेल्या वचनातील आशेच्या सूत्रावर भर दिला. प्रस्तुत कथेला ही दोन्ही मते आवश्यक वाटतात. राजे निर्दोष असते तर नाशाचा अर्थ लागला नसता. वचन राजांच्या गुणांवर अवलंबून असते तर नाशानंतर काहीच उरले नसते.

यावरून निष्पन्न होते ते असे की, या परंपरेत निवड हे गुणांचे पारितोषिक नव्हे, आणि अपराधाची माफीही नव्हे. निवडलेल्याच्या दोषांचे समर्थन करण्यासाठी दाविदाचा दाखला देणारा अर्धीच कथा वाचतो. नव्या करारात मत्तयाने येशूची वंशावळ देताना शलमोनाच्या मातेचे नाव न लिहिता ती उरीयाची पत्नी होती, असे नोंदविले आहे. वचन पूर्ण झाल्याचे सांगणाऱ्या त्या पानावरही उरीयाचे नाव राहिले आहे.