नक्षी शाबूत, म्हणजे टायर शाबूत?

दसरा जवळ आला की नांदेड-लातूरकडच्या गावांत गेल्या हंगामापासून उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉल्या बाहेर निघतात. मुखेड, कंधार, जळकोटच्या तांड्यांवर ऊसतोड मजुरांना मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वाटून झालेली असते. भांडीकुंडी, ताडपत्री, कोंबड्या, लेकरंबाळं असा अख्खा संसार ट्रॉलीत चढतो आणि पुढे हंगामभर तीच ट्रॉली फडातून कारखान्यावर ऊस नेते. टायरचा विषय काढला की मात्र गावोगाव एकच उत्तर मिळतं: "नक्षी शाबूत आहे की! अजून दोन हंगाम निघतील."

हे उत्तर साफ चुकीचं आहे, आणि तरीही ते दरवर्षी नव्याने खोडून काढावं लागतं.

नक्षी सांगते ती टायरची झीज. त्याचं वय ती सांगत नाही. रबर न वापरताही म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, ऊन आणि उष्णता त्याला कडक करत जातात. यावर उपाय म्हणून टायरच्या रबरात मेणासारखे संरक्षक पदार्थ मिसळलेले असतात. चाक फिरतं, रबर दबतं-ताणतं, तसे ते पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या चाकाला हा लाभ पुरेसा मिळत नाही. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने एकाच जागी उभी असणारी, मे महिन्यात बेचाळीस अंशांत तापणारी आणि पावसाळ्यात चिखलात रुतणारी ट्रॉली टायर झिजवत नाही, पण म्हातारा नक्की करते. बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा दिसतात, त्या याच्याच. आतल्या थरांची पकड सुटत चाललेली असते, ती तर दिसतही नाही. मग भरल्या उसाखाली टायर तापतो आणि फुटतो.

शंका असेल त्यांनी ब्रिटनचं उदाहरण पाहावं. सप्टेंबर २०१२ मध्ये संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या प्रवाशांची बस सरे परगण्यात पुढचा टायर फुटून रस्ता सोडून गेली आणि तिघांचा जीव गेला. त्या टायरची नक्षी कायद्यात बसत होती. वय मात्र १९ वर्षांहून जास्त होतं. मृतांपैकी एका तरुणाच्या आईने अनेक वर्षं लढा दिला. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांपेक्षा जुने टायर वापरायला बंदी आली. तिथल्या कॅराव्हॅन, म्हणजे सहलीपुरत्या बाहेर निघणाऱ्या आणि एरवी उभ्याच असणाऱ्या चाकावरच्या घरांसाठी जाणकारांचा सल्ला याहून कडक आहे: पाच वर्षांनी टायर बदला, सातच्या पुढे जाऊच नका. उभं राहण्याच्या बाबतीत उसाची ट्रॉली आणि कॅराव्हॅन यांत फरक नाही. ओझ्याच्या बाबतीत मात्र ट्रॉलीची गत कितीतरी वाईट.

वय ओळखणं सोपं आहे. टायरच्या भिंतीवर, बहुधा लंबगोल चौकटीत, चार आकडे असतात. '२३१८' म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात. बाहेरून दिसले नाहीत तर ट्रॉलीखाली शिरून, चिखल पुसून, टॉर्च मारून बघावेत. टायर रिमोल्ड असेल तर जास्तच सावध राहावं: नक्षी नवी, पण तिच्याखालचा सांगाडा जुनाच असतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"हवा थोडी कमी ठेवली की टायर फुटत नाही." उलट आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो.

"मागच्या वर्षी ग्रीस भरलंय." पावसाचं पाणी हबमध्ये गेलं की ग्रीस दुधाळ होतं आणि बेरिंगला गंज धरतो. हब उघडून, बेरिंग डिझेलने धुऊन नवं ग्रीस भरावं. नुसतं वरून लावून भागत नाही.

"ट्रॅक्टरचा ब्रेक पुरतो." उतारावर भरलेली ट्रॉली मागून ढकलते. त्यात डाव्या-उजव्या ब्रेकची पेडलं खिट्टीने जोडलेली नसतील तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो.

"मागच्याला ट्रॉली दिसतेच." मोटारीचा खाली केलेला प्रकाश जेमतेम पन्नास मीटरवर पोचतो. ताशी साठच्या वेगात ते अंतर तीन सेकंदांत संपतं. चिखलाने माखलेला किंवा उसाच्या लोंबत्या वाढ्यांनी झाकलेला रिफ्लेक्टर असून नसल्यासारखा.

"ट्रॅक्टर हळू चालतो, माणसं बसली तर काय होतं?" ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात मजुरांना नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि सात शेतमजूर महिला दगावल्या. मालाच्या ट्रॉलीत माणसं बसवायला कायद्याने मनाई आहे, ती उगाच नाही.

टायर कधी बदलायचा हे ट्रॉलीत बसणारं ऊसतोड जोडपं ठरवत नाही. ते मालकाच्या हातात असतं. कारखाने हंगामाआधी वाहतूकदारांशी करार करतात. त्या करारात प्रत्येक टायरचे चार आकडे लिहायला एक रकाना वाढवला आणि सात वर्षांपुढचा टायर असलेली ट्रॉली नाकारली, तर ही तपासणी मजुरांची टोळी गाव सोडण्याआधीच होईल.