पश्चिम नौदल कमांड : इतिहास आणि सेनानी

भारतीय नौदलाची रचना तीन प्रादेशिक कमांडमध्ये आहे. पूर्व कमांडचे मुख्यालय विशाखापट्टणमला, दक्षिण कमांडचे कोचीला आणि पश्चिम कमांडचे मुंबईत. दक्षिण कमांडकडे मुख्यतः प्रशिक्षणाचे काम असते. पूर्व आणि पश्चिम या लढाऊ कमांड आहेत. गुजरातपासून कर्नाटकापर्यंतचा किनारा आणि त्यापुढचा अरबी समुद्र पश्चिम कमांडच्या अखत्यारीत येतो. व्हाइस ॲडमिरल दर्जाचा अधिकारी तिचा प्रमुख असतो आणि त्याला ‘फ्लॅग ऑफिसर कमांडिंग-इन-चीफ’ म्हणतात. या पदावरची नेमणूक साधारणपणे एक ते तीन वर्षांची असते. नौका बांधून घ्यायला, तळ उभारायला आणि माणसे तयार करायला त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो. त्यामुळे आधीच्या प्रमुखांनी केलेल्या तयारीवर पुढच्याला लढावे लागते, आणि या कमांडच्या इतिहासात ही गोष्ट वारंवार दिसते.

कमांडच्या आधीची मुंबई

खानदेशातून वाहत जाणारी तापी सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. तिच्या मुखाजवळच्या सुवाळी बंदरात १६१२ साली ईस्ट इंडिया कंपनीची लढाऊ जहाजे आली. भारतातील इंग्रजी आरमाराची सुरुवात तिथे झाली. १६८६ मध्ये या आरमाराचे ठाणे मुंबईत हलले आणि त्याला ‘बॉम्बे मरीन’ नाव मिळाले. पुढे ‘इंडियन नेव्ही’, ‘रॉयल इंडियन मरीन’ अशी नावे बदलत १९३४ मध्ये ‘रॉयल इंडियन नेव्ही’ झाली. २६ जानेवारी १९५० रोजी ‘रॉयल’ हा शब्द गळून पडला.

मुंबईची गोदीही सुरतेच्याच कारागिरांनी घडवली. लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी जहाजबांधणी कारागीर १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या गोदीचे काम सांभाळले. १७५० च्या सुमारास इथे सुकी गोदी तयार झाली. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे, दरवाजे बंद करून पाणी काढून टाकायचे आणि कोरड्या जमिनीवर त्याचा तळ दुरुस्त करायचा, अशी ही सोय आशियात त्या काळी विरळाच होती. इथे सागवानात बांधलेली जहाजे ओकच्या इंग्रजी जहाजांपेक्षा जास्त टिकत. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. ‘कॉर्नवॉलिस’ या दुसऱ्या मुंबईकर जहाजावर १८४२ मध्ये चीन आणि ब्रिटन यांच्यातील नानकिंगचा तह झाला. आजची नौदल गोदी याच जागेवर आहे.

इंग्रजी आरमाराला कोकण किनाऱ्यावर दीर्घकाळ आव्हान दिले ते मराठ्यांच्या आरमाराने. शिवछत्रपतींनी उभारलेले हे आरमार कान्होजी आंग्रे यांनी असे वाढवले की, मुंबईकर इंग्रजांना त्यांच्या हयातीत कुलाबा किंवा विजयदुर्ग घेता आला नाही. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मुंबईतील नौदलाच्या मुख्य ठाण्याला ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव देण्यात आले. जुन्या मुंबई किल्ल्याचे अवशेष आणि तिथले पोर्तुगीजकालीन सूर्यघड्याळ याच आवारात आहे. ज्यांच्या धाकाने इंग्रजांनी किल्ल्याची तटबंदी बळकट केली, त्यांचेच नाव त्या किल्ल्याला मिळाले.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या सिग्नल प्रशिक्षण केंद्रात निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणुकीविरुद्ध नौसैनिकांनी संप पुकारला. तो ७८ जहाजांपर्यंत आणि सुमारे २० हजार नौसैनिकांपर्यंत पसरला. मुंबईतील गिरणी कामगार त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले. पाच दिवसांत संप मागे घेतला गेला; पण सैन्याच्या भरवशावर राज्य चालवता येणार नाही, हे ब्रिटिशांना कळून चुकले.

कमांडची स्थापना

स्वातंत्र्यानंतर मुंबईची जबाबदारी कमोडोर दर्जाच्या अधिकाऱ्याकडे होती. पुढे ‘फ्लॅग ऑफिसर बॉम्बे’ हे पद आले. त्या काळात देशाचा एकच लढाऊ ताफा होता आणि त्याचा मुक्काम मुंबईत असे. डिसेंबर १९६१ मध्ये याच ताफ्याने रिअर ॲडमिरल भास्कर सोमण यांच्या नेतृत्वाखाली गोवा मुक्तीच्या मोहिमेत भाग घेतला. ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या नौकांनी पोर्तुगीज युद्धनौका ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ निकामी केली. अंजदीव बेटावर उतरताना सात नौसैनिकांनी प्राण दिले. सोमण पुढच्याच वर्षी नौदलप्रमुख झाले.

१९६५ च्या युद्धाने मात्र नौदलाच्या मनाला बोच लावली. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी नौकांनी द्वारकेवर तोफा डागल्या. विमानवाहू ‘विक्रांत’ त्या वेळी गोदीत दुरुस्तीला होती आणि पोरबंदरच्या उत्तरेला परवानगीशिवाय कारवाई करायची नाही, असा ताफ्याला आदेश होता. पुढच्या वेळी लढाई शत्रूच्या बंदरापर्यंत न्यायची, या निश्चयाचे मूळ त्या रात्रीत आहे.

१ मार्च १९६८ रोजी नौदलाची फेररचना झाली. नौदलप्रमुखांचे पद पूर्ण ॲडमिरल दर्जाचे झाले आणि ॲडमिरल ए. के. चटर्जी हा दर्जा मिळवणारे पहिले भारतीय ठरले. त्याच वेळी मुंबईच्या पदाचा दर्जा वाढून पश्चिम नौदल कमांड अस्तित्वात आली. १९७१ मध्ये पूर्वेकडे स्वतंत्र ताफा उभा राहिला आणि मुंबईच्या ताफ्याला पश्चिम ताफा म्हटले जाऊ लागले. ताफ्याचा प्रमुख रिअर ॲडमिरल असतो आणि तो कमांडच्या प्रमुखाच्या हाताखाली काम करतो. समुद्रावर नौका लढवणे हे ताफ्याचे काम. गोदी, दारूगोळा, इंधन, पाणबुड्या, विमाने आणि किनाऱ्याची सुरक्षा या सगळ्यांचा मेळ घालणे हे कमांडचे काम.

कराचीच्या दोन रात्री

या कमांडचे एक प्रमुख एस. एम. नंदा १९७० मध्ये नौदलप्रमुख झाले. त्यांचे बालपण कराची बंदरातल्या मनोरा बेटावर गेले होते. त्या बंदराचा कानाकोपरा त्यांना माहीत होता. १९७१ च्या युद्धाच्या वेळी मुंबईची सूत्रे होती व्हाइस ॲडमिरल एस. एन. कोहली यांच्याकडे. ताफ्याचे नेतृत्व रिअर ॲडमिरल ई. सी. कुरुविला करत होते.

कमांडच्या हाती तेव्हा नवे शस्त्र होते, सोव्हिएत रशियाकडून घेतलेल्या आठ क्षेपणास्त्र नौका. प्रत्येकीवर चार क्षेपणास्त्रे, वेग भरपूर आणि रडार उत्तम. पण या नौका बंदराच्या रक्षणासाठी बनवलेल्या होत्या आणि एका दमात लांब पल्ला गाठण्याइतके इंधन त्यांच्यात मावत नसे. रशियाहून आल्यावर त्या जहाजावरून उतरवण्याइतकी मोठी क्रेन मुंबईत नव्हती. त्यामुळे त्या कलकत्त्याला उतरवून समुद्रमार्गे ओढत मुंबईला आणाव्या लागल्या. या अडचणीतूनच मार्ग सापडला. मोठ्या नौकेने ओढत नेले, तर ही छोटी नौका कराचीपर्यंतही पोहोचू शकते, हे ध्यानात आले.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन नौका कराचीकडे निघाल्या. सोबतीला ‘किलतान’ आणि ‘कच्छल’ होत्या. तुकडीचे नेतृत्व कमांडर बब्रुभान यादव यांच्याकडे होते. रशियात प्रशिक्षण घेतलेले नौसैनिक बिनतारी संदेश रशियन भाषेत देत होते, जेणेकरून ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये. या हल्ल्यात ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘मुहाफिझ’ ही सुरुंगशोधक नौका बुडाली. दारूगोळा घेऊन आलेले ‘व्हीनस चॅलेंजर’ हे व्यापारी जहाजही बुडाले. ८ डिसेंबरच्या रात्री ‘विनाश’ ही एकटी क्षेपणास्त्र नौका ‘तलवार’ आणि ‘त्रिशूल’ यांच्या संरक्षणात गेली. तिच्या हल्ल्यात केमारीचे तेलसाठे पेटले. ४ डिसेंबर हा दिवस देशभर नौदल दिन म्हणून पाळला जातो तो या मोहिमेमुळे.

विजयाची किंमतही याच कमांडने मोजली. ९ डिसेंबरला दीवजवळ पाणबुडीच्या शोधात असलेली ‘खुकरी’ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासोबत गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी सहकाऱ्यांना बाहेर काढले आणि स्वतः नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. पाणबुडीविरोधी साधने जुनी पडली आहेत, हा धडा नौदलाने त्यांच्या बलिदानातून घेतला.

पुढचे सेनानी

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात कमांडचे प्रमुख झालेले आर. के. एस. गांधी यांनी गोवा मोहिमेत ‘बेतवा’चे आणि १९७१ मध्ये पश्चिम ताफ्याची ध्वजनौका असलेल्या ‘मैसूर’चे नेतृत्व केले होते. मराठी वाचकाला जवळचे नाव म्हणजे व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी. १९७१ मध्ये ‘कामोर्टा’चे कप्तान म्हणून त्यांनी बंगालच्या उपसागरात वीर चक्र मिळवले. पश्चिम कमांडचे प्रमुख म्हणून १९८३ मध्ये ते निवृत्त झाले आणि फलटणजवळच्या विंचुर्णीला स्थायिक झाले. शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची ‘सागर परिक्रमा’ ही कल्पना त्यांची. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ती पहिल्यांदा पूर्ण केली.

नंदा आणि कोहली यांच्याप्रमाणेच विष्णू भागवत, माधवेंद्र सिंह, डी. के. जोशी, सुनील लांबा आणि आर. हरी कुमार हे पश्चिम कमांडचे प्रमुख पुढे नौदलप्रमुख झाले. जबाबदारी किती कठोर असते, याचे उदाहरण जोशी यांचे. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट होऊन १८ जणांचा मृत्यू झाला. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी ‘सिंधुरत्न’ या पाणबुडीला अपघात होताच नौदलप्रमुख असलेल्या जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला.

वाढलेले काम

२६ नोव्हेंबर २००८ रोजी कराचीहून निघालेले दहा दहशतवादी मासेमारी नौका बळकावून समुद्रमार्गे मुंबईत शिरले. व्हाइस ॲडमिरल जे. एस. बेदी तेव्हा प्रमुख होते. नौदलाचे मार्कोस कमांडो हॉटेलांतील कारवाईत उतरले. या हल्ल्यानंतर सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली. मुंबईत संयुक्त कार्यकेंद्र सुरू झाले. तटरक्षक दल, सागरी पोलीस, सीमाशुल्क विभाग आणि बंदर यंत्रणा यांची माहिती तिथे एकत्र येते. नौदल तळांभोवतीच्या पहाऱ्यासाठी २००९ मध्ये सागर प्रहरी बल उभे राहिले.

मुंबई बंदरातील गर्दी कमी करण्यासाठी कारवारला नवा तळ उभारायचे ठरले. ऑक्टोबर १९८६ मध्ये त्याची कोनशिला बसली आणि ‘आयएनएस कदंब’ ३१ मे २००५ रोजी कार्यान्वित झाला. विमानवाहू नौकांचा मुक्काम आता तिथे असतो. गोव्याचा ‘हंसा’ हा हवाई तळ, ओखा आणि पोरबंदरची ठाणी, कुलाब्याचे ‘अश्विनी’ रुग्णालय हेही याच कमांडचे भाग आहेत.

शांततेच्या काळातही ताफ्याला उसंत नसते. २००६ मध्ये लेबनॉनमधून आणि २०१५ मध्ये येमेनमधून भारतीयांना सोडवून आणण्यात त्याच्या नौका पुढे होत्या. मे २०२१ च्या तौक्ते वादळात ‘पी-३०५’ तराफ्यावरचे २६१ कामगार खवळलेल्या समुद्रात सापडले. त्यांपैकी १८० हून अधिक जणांना जिवंत बाहेर काढता आले. मार्च २०२४ मध्ये ‘कोलकाता’ या युद्धनौकेने ‘रुएन’ हे अपहृत जहाज सोडवले, १७ खलाशांची सुटका केली आणि ३५ सोमाली चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले.

समुद्रापासून दूर असलेल्या, जळगाव जिल्ह्यातील बोदवडसारख्या तालुक्याचाही या पहाऱ्याशी थेट संबंध आहे. आखातातून येणारे खनिज तेल मुंबईच्या शुद्धीकरण कारखान्यांत येते आणि तिथले इंधन नळवाटे मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोत पोहोचते. जळगावची केळी कंटेनरमधून आखाती देशांत जातात. हा सगळा माल ज्या पाण्यावरून येतो-जातो, ते पाणी निर्धोक ठेवणे हेच कमांडचे रोजचे काम. तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा वाहतूक लांबली आणि भाडे वाढले. त्याची झळ शेवटी शेतमालाच्या भावालाही बसते.

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सुरत’ ही विनाशिका, ‘निलगिरी’ ही फ्रिगेट आणि ‘वागशीर’ ही पाणबुडी एकाच दिवशी नौदलात दाखल झाली. तिन्ही माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या. त्यांची आखणी ज्या अधिकाऱ्यांच्या काळात झाली, ते केव्हाच निवृत्त झाले आहेत आणि पुढची काही दशके त्या वापरणाऱ्या सेनानींपैकी अनेकांची नेमणूक अजून व्हायची आहे. १९७१ मध्ये कोहली यांच्या हाती आलेल्या क्षेपणास्त्र नौकाही अशाच आधीच्यांच्या दूरदृष्टीतून मिळाल्या होत्या. या कमांडची खरी ताकद प्रमुखांच्या या अखंड परंपरेत आहे.