युद्धबंदी आणि तह

युद्धबंदी निराळी, तह निराळा. आम्हा जळगाव-धुळ्याकडील शेतकऱ्यांच्या मुलांना हा फरक बांधावर कळतो. पंचांनी मारामारी थांबविली, तरी मोजणी होऊन हद्दीचा दगड रोवला गेल्याशिवाय तंटा मिटत नाही. गाझात १९५६ नंतर संयुक्त राष्ट्रांच्या सेनेत आपले भारतीय जवान पहाऱ्यावर होते. मे १९६७ मध्ये इजिप्तच्या मागणीवरून ती सेना मागे घेतली गेली आणि जूनमध्ये युद्ध पेटले. उलट १९७९ च्या तहाने इजिप्त व इस्रायल यांची सरहद्द मान्य झाली. त्या दोघांत पुन्हा युद्ध झाले नाही. पॅलेस्टिनींच्या वाट्याची सरहद्द, जेरुसलेम आणि निर्वासित हे प्रश्न मात्र १९९३ च्या ऑस्लो कराराने पुढच्या वाटाघाटींवर सोपविले. ते अनिर्णीत आहेत, तोवर प्रत्येक युद्धबंदी ही नुसती उसंतच राहील, असे मला वाटते.