कोरियाची भाद्रपदी पौर्णिमा

रांजणगावच्या महागणपतीस जाणाऱ्या यात्रेकरूला शिरूर तालुक्यातील औद्योगिक वसाहतीत एलजी या कोरियन कंपनीचा कारखाना परिचयाचा झाला आहे. परंतु ज्या मुलखातून तो आला, त्याच्या सुगीच्या सणाची, छुसॉकची, वार्ता आपल्याकडे फारशी पोहोचलेली नाही. हा सण कोरियन पंचांगातील आठव्या महिन्याच्या पौर्णिमेस येतो, आणि ती बहुधा आपली भाद्रपदीच असते. अधिकमासाच्या हिशेबात दोन पंचांगांचा मेळ चुकला, की २०२५ साली झाले तसा तो कोजागिरीस पडतो.

आपल्याकडे, बाजरीची सोंगणी तोंडावर आलेली असताना, या पौर्णिमेपाठोपाठ पितृपंधरवडा लागतो आणि मंगलकार्ये खोळंबतात. कोरियन मनुष्यास मात्र पितर घरी येणे हेच मंगल वाटते. मला तरी त्याची दृष्टी अधिक स्नेहाची वाटते. सणापूर्वी कुटुंबातील पुरुष पूर्वजांच्या थडग्यांवर माजलेले गवत कापून येतात. सणाच्या प्रातःकाळी नव्या तांदळाचा भात, मद्य आणि फळे पितरांपुढे मांडतात, आणि त्या मांडणीचाही दस्तूर असतो: तांबडी फळे पूर्वेस, पांढरी पश्चिमेस. नैवेद्यातील मुख्य पदार्थ सोंगप्यन; तांदळाच्या पिठीच्या पारीत तीळ, चवळीसारखी कडधान्ये किंवा चेस्टनट भरून, अर्धचंद्राकार मुरडून, देवदाराच्या जातीच्या सुचिपर्णी वृक्षाच्या पानांवर तो उकडतात, त्यामुळे आपल्या उकडीच्या करंजीला अरण्याचा गंध लागावा तसा तो लागतो. जिचा सोंगप्यन सुबक, तिला वर उत्तम, असा समज तिकडे आहे.

सणाचे मूळ ११४५ साली रचलेल्या ‘सामगुक सागी’ या इतिहासग्रंथात सापडते. सिल्ला राज्याच्या युरी राजाने राजधानीतील स्त्रियांचे दोन तट पाडून महिनाभर विणकामाची चढाओढ लावली. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेस निकाल लागला, आणि हरलेल्या तटाने जिंकलेल्यांना अन्नपाणी देऊन नृत्यगायन केले. नैऋत्येच्या किनाऱ्यावर स्त्रिया चांदण्यात हात धरून फेर धरतात, तो ‘कांगकांगसुल्ले’ युनेस्कोने २००९ साली वारशाच्या यादीत घेतला.

मात्र चुलीपुढील राबणूक स्त्रियांच्याच वाट्यास येते, हे दोन्ही देशांचे साम्य दुर्दैवी खरे. ती इतकी वाढली, की २०२२ साली सोंग्युनग्वान या कन्फ्यूशियसपंथीय संस्थेने स्वतःहून निर्वाळा दिला: नैवेद्यास नऊ पदार्थ पुरेत, तळलेल्यांची आवश्यकता नाही.