ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्या वजनाचा मेळ

आपल्या जिल्ह्यांत मका व कापूस निघाला, कीं कन्नड, फुलंब्री व सिल्लोड या बाजूंनीं जाधववाडीच्या बाजारसमितीकडे ट्रॅक्टरांची रांग लागते. पुढें ऊसतोड सुरू झाली म्हणजे पैठण-गंगापूरचे रस्तेही तसेच भरतात. ट्रॉलींत किती माल घालावा असें विचारल्यास, "ट्रॅक्टर ओढतो ना, मग झालें" हें उत्तर ठरलेलें असतें. पण ओढण्याचा प्रश्न दुय्यम आहे. ओढलेलें वजन थांबवितां येतें कीं नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे.

सुमारें ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचें वजन ढोबळ मानानें २ टन धरूं. त्यांपैकीं १,२०० किलो मागच्या चाकांवर येतात, आणि बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक त्याच चाकांवर असतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड चाकांवरील वजनाच्या सहा दशांश मानली, तर थोपविण्याचें बळ ७२० किलो झालें. याहून जोरानें ब्रेक दाबल्यास चाकें नुसतीं घसरतात.

आतां या ट्रॅक्टरास ब्रेक नसलेली, मालासह १० टन भरणारी चारचाकी ट्रॉली जोडा. एकूण १२ टन. खुलताबादहून दौलताबादेकडे किंवा कन्नडहून चाळीसगांवकडे घाट उतरतांना वीस फुटांस एक फूट असा उतार लागला, तर या वजनाचा खालीं ओढा ६०० किलो होतो. थांबविण्यास उरतात अवघे १२०. ताशीं २० किलोमीटर वेग असला तरी हा जोड थांबावयास सुमारें दीडशें मीटर जातील. ट्रॉली ५ टनांची असती, तर तेंच काम ३० मीटरांत झालें असतें. चाकांच्या घर्षणाचा थोडा आधार या हिशेबांत धरिलेला नाहीं. परंतु पावसानें पकड चार दशांशांवर आली, कीं बळ ४८० किलोंवर येतें, आणि तो आधार मिळूनही भरवसा उरत नाहीं. त्यांतून वळण असेल, तर मागची ट्रॉली ट्रॅक्टरास ढकलून आडवा करते.

म्हणून उताराच्या आधींच खालचा गिअर टाकावा व क्लच दाबून गाडी सोडूं नये. मात्र इंजिनाचा रोधही त्याच मागच्या चाकांतून उतरतो, तेव्हां पकडीची मर्यादा त्यानें वाढत नाहीं. शेतांत वळण्यासाठीं डावा व उजवा ब्रेक वेगळे ठेवलेले असतात. रस्त्यावर येतांच दोन्ही पट्ट्या खिटीनें जोडून घ्याव्या. एकाच बाजूचा ब्रेक लागणें भरल्या ट्रॉलीसह फार घातक.

दुचाकी ट्रॉलीची गोष्ट निराळी. तिचा कांहीं भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. माल फार पुढें रचला तर चढावर ट्रॅक्टरचीं पुढचीं चाकें हलकीं होऊन स्टिअरिंग ऐकत नाहीं. फार मागें रचला तर हूक वर उचलला जातो. भार आंसाच्या किंचित् पुढें असावा.

कायद्याच्या दृष्टीनें ट्रॉली हें स्वतंत्र वाहन आहे. १९८८ च्या मोटारवाहन कायद्यांत ट्रेलरचाही समावेश असून त्याची नोंदणी लागते. नोंदलेल्या वजनाहून अधिक भार आढळल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही आपलाच.

डोळ्यांच्या अंदाजावर विसंबूं नये. फाळक्यापर्यंत भरलेला कापूस हलका असतो, तेवढाच मका जड, आणि ओला मका त्याहून जड. रिकामी ट्रॉली एकदां काट्यावर घालून वजन लिहून ठेवावें, व प्रत्येक पिकाची पहिली खेप भरल्यावर पुन्हां काटा करावा. सपाट रस्त्यावर दोन ट्रॉल्या जोडणारे पुष्कळ आहेत. घाटांत दुसरी ट्रॉली पायथ्याशीं सोडून दोन खेपा कराव्या, डिझेल जास्त जळालें तरी चालेल.