कोण खातंय संगणकाची ताकद?

ताडोब्याच्या जंगलातल्या वाटांवर कॅमेरे जोडीनं, समोरासमोर लावतात. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून. २०१८च्या देशभरातल्या गणनेत असे ३,४८,५८,६२३ फोटो जमले. त्यांत वाघांचे ७६,६५१. बाकी इतर वन्यप्राणी. एवढे फोटो चाळायला संगणकच हवा.

समजा, चंद्रपुरातला एखादा अभ्यासक लिनक्सवर असेच फोटो चाळतोय आणि यंत्र अचानक रखडलं. लगेच बटण दाबून बंद करू नका, तासन्‌तासांचं काम वाया जाईल. टर्मिनल उघडा, ‘टॉप’ लिहून एंटर दाबा. मूळ ‘टॉप’ हा प्रोग्राम विल्यम लफेव्ह्रनं १९८४मध्ये युनिक्ससाठी लिहिला. आजही तो पटकन हाताशी येतो. चालू असलेली कामं ओळीनं दिसतात, यादी दर काही सेकंदांनी ताजी होते. शिफ्टसह ‘पी’ दाबलं की प्रोसेसर जास्त वापरणारी कामं वर येतात, शिफ्टसह ‘एम’ दाबलं की मेमरी खाणारी. १०० टक्क्यांच्या पुढचा आकडा पाहून दचकू नका: एका कोअरचे १०० धरले, तर चार कोअरवर काम करणारा प्रोग्राम ४०० पर्यंत जातो.

मेमरीसाठी ‘रेस’ हा रकाना पाहा. प्रत्यक्ष व्यापलेली रॅम तिथेच कळते. ‘व्हर्ट’चा फुगलेला आकडा फसवा असतो. दोषी सापडला, तर ‘के’ दाबून त्याचा क्रमांक द्या. आधी १५ क्रमांकाचा संकेत पाठवा, त्यात प्रोग्रामला आवरायला वेळ मिळतो. ९ क्रमांकाचा तडकाफडकी मारतो. अर्धवट लिहिलेली फाइल तशीच राहते.